शब्दविचार : व्याख्येचे तीन दोष

शब्दाचा अर्थ ठाऊक असणें निराळें आणि त्याचें लक्षण ठाऊक असणें निराळें. अर्थ कोशांत सांपडतो. ज्या घरांत अमरकोश पाठ करून घेण्याची चाल होती, तेथें एका शब्दाचे दहा पर्याय घडाघडा म्हणणारीं मुलें असत. परंतु पर्याय म्हणतां आले म्हणून वस्तूची सीमा कळली असें होत नाहीं. अमुक वस्तु शब्दाच्या कुंपणाच्या आंत येते कीं बाहेर राहते, हें जें ठरवतें तें लक्षण. त्यालाच आपण व्याख्या म्हणतों. या वेळीं निरनिराळ्या शास्त्रांतील पांच-सहा शब्द घेऊन त्यांचीं कुंपणें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे. शब्द सारे घरांत बोलले जाणारे आहेत. मात्र त्यांविषयींची घरगुती समजूत एक आणि शास्त्राची वा कायद्याची मर्यादा दुसरी, असें त्या प्रत्येकाचें झालें आहे.

तपासणीचें माप आपलें जुनेंच आहे. अन्नंभट्टानें आपल्या तर्कसंग्रहावर स्वतःच लिहिलेल्या दीपिकेंत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत, आणि उदाहरण घेतलें आहे गाईचें. ‘शिंगें असलेली ती गाय’ असें म्हटलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘अखंड खुराची ती गाय’ म्हटलें तर एकही गाय आंत येत नाहीं, हा असंभव. गळ्याखालीं लोंबणारी पोळी, जिला संस्कृतांत सास्ना म्हणतात, ती असणें हें मात्र गाईचें निर्दोष लक्षण होय.

आतां हें माप लावून पाहूं.

तिथि. घरांत तिथि म्हणजे पंचांगांतला दिवस. ज्योतिषाची व्याख्या अशी कीं, चंद्राला सूर्याच्या पुढें १२ अंश जाण्यास जो काळ लागतो ती एक तिथि. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें कोणती तिथि सुमारें १९-२० तासांत आटोपते, तर कोणती २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयीं जी तिथि असेल तिचें नांव दिवसाला मिळतें. जिच्या वांट्याला एकही सूर्योदय येत नाहीं ती क्षयतिथि, आणि जिला दोन सूर्योदय लाभतात तिची वृद्धि. ‘तिथि म्हणजे दिवस’ या समजुतींत क्षयतिथीला जागाच नाहीं; ही अव्याप्ति झाली. ‘चतुर्थी तर उद्यां आहे, मग गणपति आज कसा?’ या दरवर्षींच्या वादाचें मूळही येथेंच आहे. गणेशचतुर्थीला सूर्योदयाची नव्हे, तर मध्याह्नीं असलेली चतुर्थी पाहतात.

प्रकाशवर्ष. नांवांत ‘वर्ष’ आहे म्हणून मुलेंच काय, मोठीं माणसेंही हें कालाचें माप समजतात. वस्तुतः हें अंतराचें माप आहे : प्रकाश एका वर्षांत जेवढें अंतर तोडतो तेवढें, म्हणजे सुमारें ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ‘कालाचें माप’ ही व्याख्या कोणत्याच प्रकाशवर्षाला लागू पडत नाहीं. तेव्हां हा असंभव. व्याधाचा तारा आपल्यापासून सुमारें साडेआठ प्रकाशवर्षें दूर आहे. आज रात्रीं त्याचा जो किरण डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हां घरांतलें आजचें बालवर्गांतलें मूल जन्मलेंही नव्हतें, हें त्याच मुलाला गच्चीवर नेऊन सांगण्याजोगें आहे.

आकाशांतल्या व्याख्येचा दोष फार तर वाद निर्माण करतो. जमिनीवरच्या व्याख्येचा दोष पोटाला चिमटा घेतो. उदाहरणार्थ, अतिवृष्टि. हवामान खात्याच्या परिभाषेंत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला कीं तो जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला कीं अत्यंत जोरदार. महाराष्ट्राच्या महसूल खात्यानें मात्र पिकांच्या नुकसानीच्या मदतीसाठीं २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टि असें माप धरलें, आणि तें मोजावयाचें महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. कोंकणांत आषाढांत एवढा पाऊस कोणी मनावरही घेत नाहीं. उलट ज्या शेतांत पंधरा दिवस रोज थोडाथोडा पाऊस पडून कापूस कुजला, तें शेत या व्याख्येच्या बाहेर राहत असे. एकाच आंकड्यांत दोन्ही दोष! २०२३ सालीं राज्य सरकारनें ‘सततचा पाऊस’ हीही नैसर्गिक आपत्ति मानण्याचें ठरविलें, तें ही अव्याप्ति दूर करण्यासाठींच.

नॉमिनी. बँकेच्या ठेवीवर किंवा शेअरांवर ज्याचें नांव नामनिर्देशित केलें, तोच पुढें त्या पैशाचा मालक, अशी सार्वत्रिक समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीनें तो सामान्यतः पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी मृत्युपत्रानें किंवा वारसाहक्कानें ठरते. सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं आयुर्विम्याच्या एका खटल्यांत आणि २०२३ सालीं शेअरांच्या बाबतींत हेंच सांगितलें. आयुर्विम्याचा कायदा २०१५ सालीं बदलला असून, विमेदारानें आईवडील, पति वा पत्नी, किंवा अपत्य यांस नेमलें असल्यास तींच रकमेचीं लाभधारक होतात, हा अपवाद लक्षांत ठेवावा. एरव्हीं ‘नॉमिनी म्हणजे वारस’ ही अतिव्याप्ति होय. आणि तिच्यामुळें सख्ख्या भावांचे अबोले झालेले आपण पाहतों.

शेवटचा शब्द सहदायाद. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत ज्याला जन्मतःच हक्क पोंचतो, तो सहदायाद. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेवर उभ्या राहिलेल्या कायद्यांत मुलगा, नातू व पणतू एवढेच या कुंपणांत येत. कन्या बाहेर राही. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानेंही हें कुंपण हलविलें नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कन्येला आंत घेतलें, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वीं विवाह झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनें विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि त्या दिवशीं वडील हयात असावे लागतात काय, हा उरलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं विनीता शर्मा खटल्यांत निकालांत काढला. हक्क जन्मानें येतो, तेव्हां वडील त्या दिवशीं हयात असण्याची अट नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र अबाधित राहिल्या.

व्याख्या अशी निर्दोष होऊं लागली, त्याच सुमारास घराघरांत एक दुसरा शब्द वाढला : हक्कसोडपत्र. याची घरगुती व्याख्या ‘भावानें आणलेल्या कागदावर बहिणीनें करावयाची सही’ अशी आहे. कायद्याची व्याख्या अशी कीं, आपल्या मालकीचा निश्चित हिस्सा कायमचा सोडून देणारा लेख. स्थावराच्या बाबतींत त्याची नोंदणी व्हावी लागते. आणि ती झाल्यावर, फसवणूक वा दडपण न्यायालयांत सिद्ध केल्यावांचून, केवळ मन पालटलें म्हणून तो मागें घेतां येत नाहीं. पुष्कळ घरांत हा कागद दिवाळीला किंवा एखाद्या कार्याच्या गर्दींत पुढें येतो. ‘औपचारिक आहे, येथें सही कर’ एवढेंच सांगितलें जातें. आणि माहेर तुटेल या भीतीनें बहीण विचारीत नाहीं.

बहिणीनें हिस्सा सोडूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. भावाची अडचण पाहून, किंवा वडिलांचें घर अखंड राहावें म्हणून, कोणी संतोषानें सोडील तर तो तिचा मोठेपणा. परंतु दान करणाऱ्याला आपण काय देतों हें ठाऊक असावें लागतें, असें आपलें धर्मशास्त्रच मानतें. ज्या वस्तूवर आपलें स्वत्व आहे हेंच ठाऊक नाहीं, तिचें दान कसें होणार? म्हणून सही मागणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं किंवा बंधूंनींच तो कागद तिला मराठींत वाचून दाखवावा, हिस्सा किती आहे आणि आजच्या भावानें त्याची किंमत काय होते तें सांगावें, आणि आठ दिवस कागद तिच्या हातीं राहूं द्यावा. एवढें केल्यानें जें माहेर तुटेल तें सहीनेंही टिकणार नाहीं. आणि एवढें करूनही ती सही करील, तर त्या सहीला भावानें जन्मभर ओंवाळणी घातली तरी ती थोडीच.