‘सांगू नका, दाखवा’ म्हणे! पण पाहिलंय कुणी?

लेखन सुधारून देणाऱ्यांचं सध्या पीक आलंय. इन्स्टाग्राम उघडलं की तिसऱ्या रीलमध्ये कुणीतरी सांगत असतं: विशेषणं काढा, पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडा आणि सगळ्यांचा लाडका मंत्र, ‘सांगू नका, दाखवा’. वाशीत अशाच एका दोन दिवसांच्या शिबिरात मी बसून आलेय. फी भरली, चहा-बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र मिळालं. तिथे तीसेक मुलामुलींनी आपापले परिच्छेद वाचून दाखवले. बहुतेकांत पाऊस होता, खिडकी होती, गार झालेला चहा होता आणि काँक्रीटच्या जंगलात हरवलेला ‘मी’ होता. मंत्र सगळ्यांनी पाळला होता. फक्त दाखवण्यासारखं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. हे परिच्छेद पुण्यात, नागपुरात किंवा टोरंटोत बसून लिहिले असते तरी एक अक्षर बदललं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तुमचं लेखन अडतंय ते तंत्रापाशी नाही. तुम्हाला तुमच्या आजूबाजूच्या वस्तूंची, कामांची, जागांची नावं माहीत नाहीत, तिथे ते अडतंय. ज्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही, ते आपण पाहिलेलं नसतं. ते नुसतं समोरून गेलेलं असतं.

त्या हॉलपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर एपीएमसीचा फळबाजार आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे हापूसच्या पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात. दुकान म्हणायचं नाही, गाळा. ट्रक खाली करण्याचे पैसे म्हणजे वाराई. ओझं वाहणारा तो माथाडी. नुसता ‘हमाल’ म्हणून मोकळं होऊ नका, कारण त्या शब्दामागे युनियन आहे, संप आहेत आणि 1969 चा कायदा आहे. आणि हापूसच्या सौद्याची जुनी पद्धत तर ऐकाच. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. दोघांचे चेहरे मख्ख, बोलणं सगळं बोटांचं. ‘सांगू नका, दाखवा’चा याहून मोठा धडा कोणतं शिबिर देणार आहे? पण दोन दिवसांत आम्हाला तिकडे कुणी नेलं नाही. आम्हाला डोळे मिटून ‘आतला आवाज’ ऐकायला सांगितलं. (माझ्या आत त्या वेळी जेवणाची सुट्टी कधी होते एवढाच आवाज होता.)

विचारायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. आपण लेखक, आपल्याला सगळं ठाऊक असायला हवं, असा काहीतरी समज असतो. त्यावर एक उदाहरण. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार, तर ढसाळ तेविशीतले, टॅक्सी चालवलेले. त्या कवितांमधले कित्येक शब्द तेंडुलकरांना कळेनात. त्यांनी काय करावं? ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत हिंडून आले आणि आपल्याला काय कळलं नव्हतं तेही प्रस्तावनेत लिहून टाकलं. मराठीतला एवढा मोठा माणूस शब्दाचा अर्थ विचारायला कामाठीपुऱ्यात जातो. आपल्याला नेरुळहून दिवाळ्याच्या जेट्टीवर जाऊन ‘या जाळ्याला काय म्हणतात हो?’ एवढं विचारवत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ही पत्रकारिता झाली, साहित्य आतून येतं. येत असेल. पण आतलं दुःख बाहेरच्या कशाला तरी धरूनच कागदावर येतं. रिकाम्या हवेत लटकलेलं दुःख वाचकाला दिसत नाही, तो स्क्रोल करून पुढे जातो. अर्थात नावांची यादी म्हणजेही कथा नव्हे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मेंढरांची पुष्कळ माहिती आहे, पण माहिती द्यायची म्हणून ती आलेली नाही. मेंढरांचं काय होतंय यावर तिथल्या माणसांचं जगणं टांगलेलं आहे म्हणून आलीय. नाव कळल्यावर त्याच्याशी कुणाचं काय अडकलंय हे शोधायचं काम उरतंच. ते कष्टाचं आहे, रीलमध्ये मावत नाही.

आणि जंगल, खिडकी, चहाचं म्हणाल, तर ते आता चॅटजीपीटी फुकट लिहून देतं, शुद्धलेखन सांभाळून. घणसोलीतल्या म्हाताऱ्या बाईने चाळीस वर्षांपूर्वी काय पाहिलं हे मात्र तिला कुणीतरी जाऊन विचारावं लागेल.

घणसोली मुद्दाम म्हटलं. मी ज्या छोट्या वाचनगटात जाते तिथे घणसोली गावातली एक आगरी मुलगी येते. तिने आजीवर कथा लिहिली होती. कथेतली आजी म्हणत होती, ‘माझे मन विषण्ण झाले आहे.’ मी विचारलं, आजी घरात असं बोलते? ती जोरात हसली. आजी ‘मला’सुद्धा म्हणत नाही, ‘मना’ म्हणते. मग तसंच का नाही लिहिलंस? तर म्हणाली, ‘ते गावठी वाटेल ना, ताई.’

मला राग आला तो इथे, आणि त्या मुलीचा नाही. शाळेपासून शिबिरापर्यंत ज्यांनी ज्यांनी तिची वही लाल पेनाने ‘सुधारली’, त्यांचा. 1970 मध्ये सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला शेतकरी उभे राहिले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. आता उलव्याला टेकडी कापून, नदी वळवून विमानतळही झाला. जमिनीबरोबर त्या जमिनीचे शब्दही चाललेत, आणि उरलेले शब्द नातीच्या हातून आपणच खोडून घेतोय, चांगलं लिहिण्याच्या नावाखाली! आम्ही तिची कथा सुधारतो म्हणजे तिची आजी पुसतो. अशा सुधारणेपेक्षा अशुद्ध लिहिलेलं शंभर पटींनी बरं.

पुन्हा लिहिताना तिने आजीला तिच्या भाषेत बोलू दिलं. पहिला परिच्छेद, ज्यात अर्थातच पाऊस होता, तिने स्वतःच उडवला. कथा आता उघाडीपासून सुरू होते. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. एका पावसाळी रात्री ते दार नीट लागलं नाही, खारं पाणी शेतात शिरलं आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं, अशी गोष्ट आहे. माझ्यासारख्या सेक्टरात वाढलेल्या बाईला त्यातले चार शब्द अडले. तिने एकाचाही अर्थ कंसात दिला नाही, आणि मी द्यायला सांगितलंही नाही.

कथा अजून पुरी झालेली नाही. त्या रात्री बांधावर जायची पाळी कुणाची होती, यावर आजीचं आणि चुलत आजोबांचं एकमत होत नाहीये. ती दर रविवारी दोघांना वेगवेगळं गाठून पुन्हा विचारतेय.