वहीतल्या माद्या

निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाचा छंद जडला आणि बँकेतल्या सवयीने प्रत्येक दर्शनाची नोंद वहीत होऊ लागली. एका मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात, ओढ्याकाठी, दोन स्वर्गीय नर्तक एकाच घरट्यावर आलटूनपालटून बसताना दिसले. दोघेही तांबूस, एकाची शेपटी आखूड, दुसऱ्याची फूटभर लांब. नर पांढरा आणि मादी तांबूस, एवढेच ठाऊक असल्यामुळे मी ‘माद्या, दोन’ असे लिहून मोकळा झालो. मग या घरट्यात नर कोठे आहे, हा प्रश्न मला पडलाही नाही. शिल्लक जुळत नसताना वही मिटणाऱ्या कारकुनाला मी नोकरीत कधी क्षमा केली नव्हती!

लांब शेपटीचा तो पक्षी तरुण नर होता. या जातीतला नर आरंभी मादीसारखाच आखूड शेपटीचा, तांबूस असतो. मादीचा गळा करडा आणि त्याचा काळा, एवढाच काय तो भेद. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेपटीची मधली दोन पिसे फितीसारखी वाढतात, अंग मात्र तांबूसच राहते. याच वेषात तो जोडी जमवतो, अंडी उबवतो. पुढे आपल्याकडचे अनेक नर शुभ्र होतात. तुरेदार डोके तेवढे काळेभोर उरते. मादी जन्मभर तांबूस.

हा बदल रातोरात होत नाही. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. त्यात नवा रंग उतरत नाही. दिवाळीला जुनी वही मिटून नवी घालावी, तसे जुने पीस गळून नवे यावे लागते. तांबूस रंग पिसातल्या रंगद्रव्याचा. पांढऱ्या पिसात ते भरलेलेच नसते.

तरुण नर इतका काळ साधा का राहतो? प्रौढ नरांच्या डोळ्यांत प्रतिस्पर्धी म्हणून खुपू नये, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. मला तो पटतो. नव्या पेढीनेही आरंभी फार झगमगाट करू नये. तथापि तांबूस म्हणजे तरुण, हा नियमही सर्वत्र लागू नाही. श्रीलंकेत कायम वास्तव्य करणाऱ्या उपजातीचे नर आयुष्यभर तांबूसच असतात.

परवा जुन्या वह्या काढल्या. लांब शेपटीच्या ‘माद्या’ लाल शाईने दुरुस्त केल्या. आखूड शेपटीच्या अकरा नोंदी मात्र तशाच ठेवाव्या लागल्या; गळ्याचा रंग मी कोठेच लिहिलेला नव्हता.