ग्राहकाच्या नकळत होणारी खरेदी

इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये अलीकडच्या काळात किंमत स्वीकारण्याची एक नवी तऱ्हा रुजू लागली आहे, आणि तिचे बाह्यरूप इतके परिचयाचे दिसते की तिच्या अंतरंगाची चौकशी करण्याची आवश्यकता ग्राहकाला भासत नाही व व्यापाऱ्यालाही सहसा भासत नाही. ग्राहक आपल्या नेहमीच्या कार्डाने डॉलर, युरो अथवा अन्य सरकारी चलनात वस्तूची किंमत चुकती करतो. व्यापाऱ्याच्या हाती मात्र पडतात ती यूएसडीसीसारखी क्रिप्टो-नाणी, आणि तीही बँकेच्या खात्यात नव्हे, तर वॉलेटच्या एका सांकेतिक पत्त्यावर. जी कंपनी मधल्या मध्ये कार्डाची रक्कम घेऊन नाणी देते, तिच्याशी आपला एक स्वतंत्र करार झाला आहे, ही गोष्ट पैसे देणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. माझे मत असे आहे की, ही गोष्ट ग्राहकाच्या ध्यानात आणून दिल्यावाचून आणि माल न पोचल्यास त्याच चलनात रक्कम परत करण्याची पक्की तजवीज असल्यावाचून, कोणाही सचोटीच्या व्यापाऱ्याने अशी व्यवस्था आपल्या दुकानाला जोडू नये.

वूकॉमर्ससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या दुकानाला जोडावयाच्या अशा एखाद्या प्लगइनचे सेटिंगचे पान उघडून पाहिले, तर त्यात विचारलेल्या बाबी फारच थोड्या असतात. आरंभी वॉलेटचा पत्ता, म्हणजे शून्य व एक्स या दोन चिन्हांनी सुरू होणारी, एकूण ४२ अक्षरांची एक ओळ. त्यानंतर नाणी ज्या जाळ्यावरून यावयाची त्या जाळ्याचे नाव, जे शुल्क अल्प असल्यामुळे पुष्कळदा पॉलिगॉन असते. मग रूपांतराचे शुल्क ग्राहकाकडून घ्यावयाचे की आपण सोसावयाचे, किती रकमेच्या आतील बिलाला हा पर्याय दाखवावयाचा नाही, आणि रक्कम पोचल्याची वर्दी दुकानाच्या सर्व्हरला कोणत्या दुव्यावर द्यावयाची, एवढे ठरवले की काम आटोपते. पॅन मागत नाहीत, जीएसटीचा क्रमांक मागत नाहीत, रद्द केलेला धनादेश मागत नाहीत. आपल्याकडच्या साध्या पेमेंट गेटवेकडे अर्ज केला तर हे सर्व कागद द्यावे लागतात, संकेतस्थळावर परताव्याच्या अटी छापल्या आहेत की नाहीत हेही पाहिले जाते, आणि या सोपस्कारांना कंटाळलेल्या नवख्या व्यापाऱ्याला 'तत्काळ मंजुरी, केवायसी नाही' ही जाहिरात मोहात पाडते, यात नवल नाही. परंतु या सुटसुटीतपणाची दुसरी बाजू अशी की, नाणी विकणारी मधली कंपनी ठरावीक मर्यादेपुढे ग्राहकाकडे ओळखपत्राचे छायाचित्र मागते, प्रसंगी चेहराही कॅमेऱ्यासमोर धरावयास सांगते. घेणाऱ्याने आपली ओळख पटवावयाची आणि विकणाऱ्याने निनावी राहावयाचे, असा उलटा क्रम बाजारात मान्य होऊ लागला आहे.

सगळ्याच कंपन्या या मार्गाने जातात असे नव्हे. स्ट्राइपने २०१८ साली बिटकॉइन स्वीकारणे बंद केले आणि २०२४ साली क्रिप्टो स्वीकारणे स्टेबलकॉइनपुरते, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांपुरते, पुन्हा सुरू केले. तेथे व्यापाऱ्याची तपासणी होते आणि त्याला हिशेब डॉलरमध्ये मिळतो. माझा आक्षेप आहे तो केवळ एका पत्त्याच्या आधारावर उभारलेल्या व्यवस्थेला.

त्या पत्त्याचेच पाहा. हाच ४२ अक्षरांचा पत्ता इथेरियमवर चालतो, पॉलिगॉनवर चालतो, आणखीही काही जाळ्यांवर चालतो. मात्र तो पत्ता व्यापाऱ्याच्या स्वतःच्या वॉलेटचा नसून एखाद्या एक्स्चेंजने त्याला दिलेला असेल, आणि ते एक्स्चेंज त्या विशिष्ट जाळ्यावरून आलेले नाणे स्वीकारीत नसेल, तर रक्कम ब्लॉकचेनच्या, म्हणजे साखळीच्या, जाहीर नोंदीत पोचलेली दिसते आणि व्यापाऱ्याच्या नावे जमा मात्र होत नाही. शिवाय हा पत्ता संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. ज्याच्या हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला, त्याने ती एक ओळ बदलली की त्या क्षणापासून प्रत्येक विक्रीची रक्कम त्याच्या वॉलेटमध्ये जाऊ लागते, ग्राहकाला पडद्यावर पावती नेहमीसारखीच दिसत राहते, आणि व्यापाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत जे गेले ते परत मागण्यास कोणती बँक नसते की कोणता शाखाधिकारी नसतो. वर्दीच्या दुव्याचेही तसेच आहे. 'अमुक मागणीची रक्कम जमा झाली' ही सूचना खरोखर त्या कंपनीकडूनच आली की कोणा तिऱ्हाईताने धाडली, याची सांकेतिक स्वाक्षरीवरून रुजुवात करावी लागते. तीच सूचना दोनदा आली तर माल दोनदा रवाना होऊ नये, आणि शुल्क वजा होऊन आलेली रक्कम बिलापेक्षा कमी पडली तर किती तूट चालवून घ्यावयाची, याचाही आधी निर्णय करावा लागतो. एका संध्याकाळी प्लगइन बसवून मोकळा होणारा मनुष्य हे निर्णय घेत नसतो. ज्याने कोणी तो प्लगइन लिहिला त्याने मूळच्या आकड्यांच्या रूपाने ते त्याच्या वतीने घेऊन ठेवलेले असतात.

तथापि हे सर्व धोके व्यापाऱ्याचे आहेत, आणि जाणत्याने ते सोसावयाचे ठरवले तर इतरांनी तक्रार करण्याचे कारण नाही. खरे दुखणे ग्राहकाच्या बाजूचे आहे. या व्यवस्थेत एका विक्रीचे दोन निराळे व्यवहार होतात: पहिल्यात ग्राहक मधल्या कंपनीकडून नाणी विकत घेतो, आणि दुसऱ्यात ती नाणी व्यापाऱ्याच्या वॉलेटकडे जातात. कार्डाच्या महिनाअखेरच्या पत्रकावर नाव येते ते मधल्या कंपनीचे. कार्डसंस्थांच्या वर्गवारीत अशा खरेदीला ६०५१ हा क्रमांक लागतो, जो चलनसदृश वस्तूंच्या खरेदीचा आहे. आणि पुष्कळ बँका अशा रकमेला रोख उचल समजून त्यावर निराळे शुल्क व पहिल्या दिवसापासून व्याज आकारतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये जेपी मॉर्गन चेस, बँक ऑफ अमेरिका व सिटी या अमेरिकन बँकांनी क्रेडिट कार्डावर क्रिप्टो घेण्यासच मनाई केली होती. आता समजा, मागवलेला कॅमेरा आलाच नाही. ग्राहक रिवाजाप्रमाणे बँकेकडे चार्जबॅकचा अर्ज करतो, आणि मधली कंपनी उत्तर देते की आम्ही कॅमेरा विकलेलाच नाही, आम्ही नाणी विकली, ती सांगितलेल्या पत्त्यावर पोचती केली, आणि साखळीवरील ही पाहा त्यांची नोंद. कागदोपत्री हे उत्तर बिनतोड ठरते, आणि कार्डाच्या व्यवहाराला जे संरक्षण अनेक दशकांच्या अनुभवातून प्राप्त झाले होते, ते ग्राहकाच्या हातून त्याच्या नकळत निघून जाते.

रक्कम उचलणाऱ्याला जबाबदार कसे धरावे, या प्रश्नाचा विचार आपल्या पेढ्यांच्या जुन्या व्यवहारात झालेला होता. हुंड्यांमध्ये शहाजोग नावाचा एक प्रकार असे. ती हुंडी आणणाऱ्या कोणालाही रक्कम मिळत नसे, बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या, प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच ती मिळे, आणि पुढे हुंडी खोटी अथवा चोरीची निघाली तर ज्या शहाने रक्कम उचलली तो ती परत करण्यास बांधलेला असे. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. रक्कम उचलणाऱ्याची पत, त्याचे नाव आणि प्रसंग पडल्यास परत देण्याची त्याची जबाबदारी या गोष्टी दूरच्या देण्याघेण्यात वगळता येत नाहीत, हे त्या पेढीवाल्यांनी कीर्द-खतावणीच्या आधारावर सांभाळले होते. ४२ अक्षरांच्या पत्त्याला नाव नसते, पत नसते, आणि त्याच्याकडे तगादाही लावता येत नाही.

भारतात या बाबतीतील नियम अस्पष्ट आहेत असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ते मत मान्य नाही. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत परताव्याची रक्कम ग्राहकाने ज्या मार्गाने दिली त्याच मार्गाने परत जावी, त्याने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच त्याला अपवाद करावा, असे सांगितले होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने काढलेल्या ई-कॉमर्सच्या नियमांनी संकेतस्थळाला कायदेशीर नाव, पत्ता व तक्रार अधिकारी जाहीर करण्याचे आणि ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच देण्याचे बंधन घातले. निनावी वॉलेटमध्ये रक्कम घेणारे दुकान यांपैकी पहिल्या तत्त्वाशी सर्वस्वी विसंगत आहे, आणि दुसऱ्याचे पालन तेथे केवळ दुकानदाराच्या सद्भावनेवर अवलंबून राहते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक रद्द केले, याचा दाखला वारंवार दिला जातो. परंतु तो निर्णय बँकेने योजलेला उपाय प्रमाणाबाहेर होता या कारणावर आधारलेला होता, आणि त्याने क्रिप्टोला चलनाचा दर्जा दिला नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने तर ही नाणी म्हणजे आभासी मालमत्ता असे ठरवून नफ्यावर ३० टक्के कर लावला व हस्तांतराच्या वेळी १ टक्का कपात सांगितली. याचा परिणाम असा की, वस्तूच्या बदल्यात व्यापाऱ्याने नाणे घेतले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ग्राहकाने मालमत्ता विकली आणि व्यापाऱ्याने ती विकत घेतली; ठरावीक मर्यादेपुढे ती १ टक्क्याची कपात सरकारजमा झाल्याची खात्री करण्याची जबाबदारी त्या दुकानदारावर येते. प्लगइनच्या सेटिंगमध्ये याची विचारणा नसते.

परदेशी गिऱ्हाईक असलेल्यांना, म्हणजे पुण्यात बसून अमेरिकेतील कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला अथवा कोल्हापुरी चप्पल युरोपात पाठवणाऱ्याला, या मार्गाचे आकर्षण अधिक वाटते, कारण कार्डाचे शुल्क, चलनबदलाची कसर आणि रक्कम हाती पडण्यास लागणारे दिवस या गोष्टी त्यांना रोज जाचतात. हा जाच खरा आहे. पण निर्यातीची वसुली अधिकृत बँकेमार्फत व्हावी हा परकीय चलनाच्या कायद्याचा पाया आहे, आणि सेवेच्या निर्यातीला जीएसटीची जी सवलत मिळते तीही मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयात, आला असेल तरच मिळते. वॉलेटमधील नाण्यांवर वसुलीचा बँक दाखला मिळत नाही. शुल्कात वाचवलेले दोन-तीन टक्के अशा रीतीने अठरा टक्क्यांच्या वादात गमावण्याचा हा मार्ग आहे, हे या होतकरू मंडळींना त्यांच्या सनदी लेखापालांनी वेळीच सांगितले पाहिजे.

या व्यवस्थेच्या बाजूने एक युक्तिवाद असा आहे की, त्याच्याकडे मी आदराने पाहतो. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्या व्हिसा, मास्टरकार्ड व पेपाल यांनी न्यायालयाच्या निकालावाचून थांबवल्या, आणि पैशाची वाट ज्यांच्या अंगणातून जाते त्यांच्या हाती केवढी सत्ता एकवटली आहे हे जगाला दिसले. कायदेशीर धंदा करणारालाही एखादी कंपनी कारण न देता खाते बंद झाल्याचे कळवते, तेव्हा त्याने दाद कोणाकडे मागावी हा प्रश्न गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या नियामकांनी अद्याप समाधानकारक रीतीने दिलेले नाही. तरीही या पर्यायी वाटेत मूळ सत्ता नाहीशी होत नाही, कारण ग्राहकाचे कार्ड तेच असते व बँक तीच असते. आणि नाण्याचे मूल्यही डॉलरइतके अढळ असतेच असे नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसीच्या गंगाजळीपैकी ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत होते हे उघड झाले, आणि एका डॉलरचे म्हणून घेतलेले नाणे त्या आठवड्याअखेर सुमारे ८८ सेंटपर्यंत उतरले. पुढील दोन-तीन दिवसांत भाव सावरला हे खरे. पण ज्याला त्याच शनिवारी मालाच्या पुरवठादाराचे देणे भागवावयाचे होते, त्याला तो खुलासा उपयोगी नव्हता.

मला सरकारकडून मनाई नको आहे. ई-कॉमर्सच्या नियमांत एका कलमाची भर घालावी, आणि त्यात असे असावे की, ग्राहकाची रक्कम आभासी मालमत्तेत रूपांतरित होणार असेल तर किंमत देण्याच्या बटणाच्या वरच, त्याच आकाराच्या अक्षरांत व दुकानाच्या भाषेत, 'आपण प्रथम अमुक कंपनीकडून अमुक नाणे विकत घेत आहात' असे लिहावे. मधल्या कंपनीचे शुल्क व लावलेला दर निराळा दाखवावा. आणि परतावा कोणत्या चलनात, किती दिवसांत व कोणाच्या नावे मिळेल हे पावतीवर छापावे. व्यापाऱ्याने परताव्यापुरती रक्कम नाण्यांत न ठेवता बँकेच्या खात्यात राखून ठेवावी, म्हणजे नाण्याचा भाव घसरला तरी ग्राहकाचे देणे घसरत नाही.

नियम होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्या दुकानात ही व्यवस्था आजच चालू आहे, त्याच्या मालकाने स्वतःच्या कार्डाने एक लहानशी वस्तू मागवावी, मागणी रद्द करावी, आणि आपल्याच दुकानाच्या छापील अटींप्रमाणे आपली रक्कम आपल्या कार्डावर परत येते की नाही हे पाहावे. आली नाही, तर ते बटण त्याच दिवशी दुकानातून काढून टाकावे.