मीटिंगच्या बाजूने चार शब्द

माझ्या टीममध्ये कोणालाही विचारा, मीटिंगला सर्वांत जास्त शिव्या कोण घालतो? मीच. त्यामुळे आज मी मीटिंगची बाजू घेतोय हे वाचून मंडळींना फेफरं येणार आहे. येऊ दे.

झालं असं, की मागच्या महिन्यात दादा-वहिनी पुण्याला माझ्याकडे आले होते. सोबत साडेतीन वर्षांची पुतणी आणि रिपोर्टांनी फुगलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. पुतणी जन्मली तेव्हा तिचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेली होती. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत असं होतं. आमच्याकडे अर्थातच पहिला प्रश्न आला, "ग्रहणात विळी हातात घेतली होती का?" (घेतली नव्हती. आणि घेतली असती तरी काही बिघडलं नसतं. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग एकमेकांना जुळायचे राहून जातात, त्यात चंद्राचा काही हात नाही.)

ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं वर्षाची झाल्यावर. दोन्ही मस्त झाली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, पेढे... आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात फाइल बंद केली.

"भाऊजी, ती 'बाबा' म्हणायला जाते आणि 'मामा' म्हणते," वहिनी म्हणाली. मला हसू आलं. तिला नाही आलं.

'ब' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. ती बंद झाली नाही तर हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. आता ती वाट का बंद होत नाही? सवय चुकीची असेल तर स्पीच थेरपी करायची. टाळूच आखूड पडत असेल तर कितीही सराव करा, पुन्हा ऑपरेशनच लागतं. हे ठरवायला सर्जन आणि थेरपिस्ट दोघांनी मिळून मुलीला बघायला हवं. प्रत्यक्षात सर्जन म्हणाले, "थेरपी करा." आठ महिन्यांनी थेरपिस्ट म्हणाल्या, "सर्जनना विचारा." दोघं एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते!

त्यात मध्येच कोणीतरी कान तपासायला सांगितले, तर पडद्यामागे पाणी. टाळू उचलणारे स्नायू कानाची नळी उघडायलाही मदत करतात, म्हणून या मुलांच्या कानात पाणी साठणं अगदी नेहमीचं. म्हणजे जिला नीट ऐकूच येत नाही तिला आम्ही आठ महिने बोलायला शिकवत होतो. प्रत्येकाचं मॉड्यूल बरोबर, इंटिग्रेशन कोणाकडेच नाही. म्हणजे होतं, वहिनीकडे. त्या पिशवीत.

आणि हे इथे संपत नाही. साधारण ८ ते ११ वर्षांदरम्यान, सुळा यायच्या आधी, हिरडीतल्या फटीत हाड भरायचं. मग दातांना तारा. गरज पडली तर जबड्याचं ऑपरेशन, पण तेही वाढ पूर्ण झाल्यावर. अठरा वर्षांचा प्रोजेक्ट आणि प्रोजेक्ट मॅनेजर नाही!

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावात हर्बर्ट कूपर नावाच्या दंतवैद्याने १९३८ मध्येच सगळ्या तज्ज्ञांना एका छताखाली आणलं होतं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या सरकारी पाहणीत दिसलं, की ५७ केंद्रांत काम विखुरलंय आणि निकाल निराशाजनक आहेत. शिफारस झाली, ८ ते १५ केंद्रंच ठेवा, पण पूर्ण टीमची. काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पाच वर्षांच्या मुलांच्या जबड्याची ठेवण, चेहरा आणि बोलणं यांत सुधारणा होती. दात किडणं मात्र कमी झालं नव्हतं. टीम म्हणजे जादूची कांडी नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे माणसं धुळ्या-नंदुरबारहून येतात, मोजकीच केंद्रं ठेवून कसं चालेल? उलट म्हणूनच. ज्याचा खाडा पडला की मजुरी बुडते, त्याला सहा डॉक्टरांकडे सहा चकरा परवडतील, की सगळे एकाच दिवशी भेटणारी एक? दुभंगलेले ओठ-टाळू २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहेत, मोफत ऑपरेशन करणाऱ्या संस्थाही आहेत. ते मोठंच काम आहे. पण आपण देणगी देतो ती फोटो बघून, आणि फोटोत 'बाबा' ऐकू येत नाही. यापुढे मी पैसे देताना विचारणार आहे: तुमच्याकडे स्पीच थेरपिस्ट आहे का? मूल यायचं थांबलं तर फोन कोण करतं?

त्या शनिवारी मी पिशवी रिकामी केली, सगळं तारखेप्रमाणे एका पानावर उतरवलं आणि सर्जन, थेरपिस्ट, कानाचे डॉक्टर यांना हातापाया पडून एका कॉलवर आणलं. वीस मिनिटं. ठरलं, की आधी कानात ग्रोमेट घालायचे, मग दुर्बिणीतून टाळूची हालचाल बघायची आणि ते बघताना सर्जन आणि थेरपिस्ट दोघंही हजर राहणार. तिघेही भले लोक होते. त्यांना एकत्र बोलवायचं काम कोणाचंच नव्हतं, एवढंच.

पण प्रत्येक वहिनीला आयटीतला दीर नसतो. आणि असायची गरजही पडू नये.

असो. सोमवारी सकाळच्या मीटिंगला मी वेळेवर हजर असेन. कुरकुर करेन, पण येईन.