यू म्हणजे कोण?

इंग्रजीतला 'यू' हा मोठा लोकशाहीवादी शब्द आहे, असे आमच्या बँकेतले एक विद्वान चहा पिताना सांगत असतात. साहेबही यू आणि शिपाईही यू! मी पडलो बी. कॉम. ज्याचे त्याचे खाते वेगळे मांडायची मला सवय. बायको, मॅनेजर आणि भाजीवाला यांना एकाच खात्यात टाकणारी भाषा मला तरी संशयास्पद वाटते.

कन्येच्या स्पॅनिशच्या वहीने हा संशय पक्का केला. 'हाऊ आर यू?' या एका प्रश्नाची तिथे दोन भाषांतरे. मैत्रिणीला 'कोमो एस्तास?', मैत्रिणीच्या आजोबांना 'कोमो एस्ता उस्तेद?' रस्त्यात नुसते किती वाजले विचारायचे, तरी 'तिएनेस ओरा?' की 'तिएने ओरा?', हे समोरच्याचे केस किती पिकलेत ते पाहून ठरवायचे! फरक शेवटच्या एका 'स'चा. पण एका शून्याने काय होते, ते आमच्या कॅशियरला विचारा.

यातला जवळिकीचा शब्द चक्क 'तू'! आणि 'उस्तेद' म्हणजे मूळचे 'वुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा. म्हणून त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी. आपण नाही का, समोर बसलेल्या साहेबांनाच 'साहेब चहा घेणार का?' विचारत, जणू साहेब शेजारच्या खोलीत आहेत! (बोगोटात म्हणे सख्ख्या भावालाही 'उस्तेद' म्हणतात. असतात एकेक घराणी.)

आता त्या लोकशाहीचे बघू. 'यू' हे मूळचे अनेकवचन, म्हणजे आपले 'तुम्ही'च. इंग्रजांचे 'तू' म्हणजे 'दाऊ'. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक लहानथोर सगळ्यांनाच 'दाऊ' म्हणू लागले, तर थोर मंडळी खवळली. पुढे नित्याच्या बोलण्यातून 'दाऊ'च गेला. तेव्हा साहेबाने शिपायाला जवळ घेतले, अशातला भाग नाही. त्याने बायकोलासुद्धा काउंटरच्या पलीकडे उभे केले! याला समता म्हणायचे?

आईला मी 'जेवलीस का?' विचारले, वडिलांना 'जेवलात का?' कन्या मला 'बाबा, तू जेवलास?' विचारते. वडिलांना 'तू' म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. आणि कन्येने उद्या मला 'तुम्ही' म्हटले, तर माझे काय चुकले या विचाराने मला घास जायचा नाही. विद्वानांनी हे तिन्ही प्रश्न इंग्रजीत करून दाखवावेत. चहा माझ्याकडून.