पुस्तकातील कायदा आणि कोठडीतील माणूस

परभणीच्या रेल्वे स्थानकानजीक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहरात बंद पाळण्यात आला, त्यास हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. ज्यांना धरण्यात आले त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा अंत झाला. अंगावरील अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण शवचिकित्सेच्या अहवालात नमूद झाले. तर पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप शासनाने विधानसभेत नाकारला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या अखेरीस नकार दिला. या प्रकरणी दोषी कोण हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे, वृत्तपत्राचे नव्हे. तेव्हा त्याविषयी आम्ही येथे निवाडा करू इच्छीत नाही.

परंतु या घटनेने जो दुसरा प्रश्न आमच्या दाराशी आणून ठेवला आहे, त्याचे उत्तर कोणत्याही न्यायालयातून येणार नाही. अटक झालेल्या माणसाचे हक्क कोणते, हे ज्यास शिकविले जात होते, त्याचाच मृत्यू कोठडीत झाला. मग ज्यास स्वतःच्या नावाचा कागदही वाचता येत नाही, अशा पालम-सोनपेठच्या मजुराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? आणि जी मुले-मुली आज या जिल्ह्यात कायद्याच्या वर्गांत बसली आहेत, त्यांचे या मजुराशी काही नाते आहे की नाही?

हे नाते असावे, असे कायदाच म्हणतो. राज्यघटनेत १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३९-अ समाविष्ट झाले आणि दारिद्र्यामुळे कोणीही न्यायास वंचित होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी राज्यावर आली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने विद्यापीठांत व विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे स्थापण्यास उत्तेजन देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपविले. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तर प्रत्येक विधी महाविद्यालयात असे केंद्र असलेच पाहिजे. सनद मिळेपर्यंत विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविता येते. तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी गरिबांची कामे हाती घ्यावी, ही काही उदार अंतःकरणाच्या चार प्राध्यापकांची हौस नव्हे. तो शिक्षणक्रमाचाच भाग आहे.

उणीव आहे ती या कामाच्या रीतीत. आम्ही कोणा एका महाविद्यालयाकडे बोट दाखवीत नाही. हा रोग सार्वत्रिक आहे. ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन येतो, २६ नोव्हेंबरला संविधान दिन येतो. उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, वक्तृत्वाची पारितोषिके वाटली जातात, एखाद्या दत्तक गावी मंडप घालून शिबिर भरते, पाहुण्यांचा सत्कार होतो, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळच्या आत मंडळी शहरात परत येतात. ज्या बाईला शिधापत्रिकेतून तिचे नाव का कमी झाले हे विचारायचे होते, ती मंडपाच्या मागच्या रांगेत बसून तशीच घरी जाते. अशा समारंभांना आमचा विरोध नाही. परंतु समारंभ हे कामाचे प्रास्ताविक असते; प्रास्ताविकानंतर ग्रंथच नसेल, तर त्याचा उपयोग तो काय?

या जिल्ह्यात काम शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची ही काळी जमीन आहे, आणि तिच्यावर कापूस व सोयाबीन पिकविणारा शेतकरी एका पावसाच्या खंडाने कर्जात जातो. बँकेने पाठ फिरविली की तो सावकाराच्या ओट्यावर जातो आणि कर्जापोटी खरेदीखत लिहून देतो. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ अन्वये अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती ते खरेदीखत अवैध ठरू शकते, हे किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? तो अर्ज नीट लिहिणे, त्यास सातबारा, फेरफार आणि साक्षीदारांची नावे जोडणे, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास सहज जमावे असे काम आहे.

दसरा झाला की गंगाखेड, जिंतूरकडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यासह ऊसतोडीस निघतात. उचल फिटली की नाही, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, मजुराजवळ काहीच नसते. हंगाम संपल्यावरही बाकी निघते आणि माणूस पुढच्या वर्षासाठी बांधला जातो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ पासून आहे. परंतु जेथे हिशेबाचा कागदच नाही, तेथे कायद्याने पाय कोठे रोवावा? निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्यामागे उचलीची रक्कम, तारीख व मुकादमाचे नाव एका कागदावर लिहून त्याची प्रत मजुराच्या हाती देणे, एवढे जरी विद्यार्थ्यांनी केले तरी वैशाखातील निम्मी भांडणे मिटतील.

गायरानाचा प्रश्न तर मराठवाड्याच्या हाडीमासी मुरला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठी झालेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. परंतु त्या तारखेपूर्वी जमीन आपण कसत होतो, हे सिद्ध कशाने करावयाचे? गावच्या एक-ई नोंदवहीने, दंडाच्या पावत्यांनी, जुन्या पंचनाम्यांनी. हे कागद तहसिलीच्या दप्तरात पडलेले असतात आणि ते मागणाऱ्यास कसे मागावे हे माहीत नसते. भटक्या जमातींच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा दगड फोडीत आज या गावी तर उद्या त्या गावी राहिले, त्यांनी तो कोठून आणावा? जुन्या शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, खासरा पाहणीचे कागद धुंडाळीत बसणारा कोणी तरी हवा. निजामी अंमलातील दप्तर उर्दूत आहे. ते वाचू शकणारी विद्यार्थी मंडळी परभणीत आजही आहेत. त्यांच्या या विद्येचे चीज यापरते कोणते?

आणि शेवटी पोलीस ठाणे व कारागृह. अटकेची कारणे सांगणे, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, हे हक्क घटनेच्या बाविसाव्या कलमाने दिले आहेत. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकील हा हक्क मानला. १९८६ च्या सुक दास निकालात आरोपीने मागणी केली नाही म्हणून तो हक्क बुडत नाही, असे सांगितले. आणि १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटकेचा पंचनामा, नातेवाइकांस खबर आणि वैद्यकीय तपासणी यांचे दंडक घालून दिले. कोठडीत असलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत विधी साहाय्य मिळते. इतके सारे कागदावर आहे. तथापि कोठडीबाहेरच्या भटक्या-विमुक्तांचे स्वतंत्र नाव या अधिनियमाच्या बाराव्या कलमातील यादीत नाही. पुरुष कामकऱ्यास उत्पन्नाचा दाखला घेऊनच यावे लागते. असे बारकावे वर्गात शिकवून कळत नाहीत. दाखला नाही म्हणून परत फिरलेला माणूस समोर उभा राहिला म्हणजे कळतात.

यावर आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, असे पालक म्हणतील; डिसेंबर २०२४ नंतर तर त्यांच्या बोलण्यात भय आहे आणि त्या भयास कारण आहे. ज्यांच्या घरी पहिलाच मुलगा वकील व्हावयाचा आहे, त्या आईबापांना धैर्याचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आम्ही सांगतो ते काम रस्त्यावरचे नसून टेबलापाशी बसून करावयाचे आहे. ते गुरुजनांच्या देखरेखीखाली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ओळखपत्रासह आणि नोंदवहीत लिहून केले, तर एकट्यादुकट्या विद्यार्थ्यावर कोणी डूख धरू शकणार नाही. दुसरा आक्षेप वकील मंडळींचा. सनद नसलेल्यांनी न्यायालयात उभे राहू नये हे खरेच आहे, आणि १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचाही तोच दंडक आहे. विद्यार्थ्यांनी युक्तिवाद करावयाचाच नाही. अशिलाची हकिगत ऐकून, कागद जमवून, ते प्रकरण योग्य त्या वकिलाच्या हाती नीट पोचते करावयाचे. जे अशील आज वकिलाच्या पायरीपर्यंतच येत नाही, त्यास तेथवर आणून सोडणाऱ्याने वकिलाची भाकर हिरावली, असे कोण म्हणेल?

या मार्गाने काय साधते, याचे दाखले आहेत. विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला. दिल्लीच्या एका तृतीय वर्षाच्या विधी विद्यार्थ्याने एका समाजकार्यकर्त्यासह तेथील महिला निवासाच्या दुरवस्थेविरुद्ध अर्ज केल्याचा उल्लेख न्या. भगवती यांनी १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालपत्रात केला आहे. आणि खुद्द महाडच्या चवदार तळ्याचा प्रश्न १९२७ च्या सत्याग्रहाने जगापुढे आला खरा; परंतु त्यावरील दावा डॉ. आंबेडकरांनी चिकाटीने लढविला आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सत्याग्रहाइतकीच ती दहा वर्षांची कागदपत्रांची लढाईही आमच्या तरुणांनी ध्यानी घ्यावी.

विधी साहाय्याने दारिद्र्य नाहीसे होईल, असा आमचा भ्रम नाही. दारिद्र्य पाण्याने, भावाने, रोजगाराने आणि जमिनीच्या न्याय्य वाटपाने हटते. परंतु जे देण्याचे शासनाने आधीच कबूल केले आहे, तेही गरिबाच्या पदरात न पडण्याचे मोठे कारण त्याचे अज्ञान आणि कचेरीतील त्याचे एकटेपण हेच आहे. या एकटेपणावर मात्र विद्यार्थी इलाज करू शकतात.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक विधी महाविद्यालयाने आपले केंद्र आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी उघडे ठेवावे, आणि बाजाराच्या दिवशी ते तालुक्याच्या गावी न्यावे. आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद व्हावी आणि त्याच्या कामाचे पुढे काय झाले, हे वर्षअखेरीस जाहीर करावे. या कामाला विद्यापीठाने परीक्षेत गुण द्यावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने विद्यार्थ्यांना वकिलांबरोबर कारागृहाच्या भेटीस न्यावे, वकील संघाने वडीलकीच्या नात्याने त्यांना हाताशी धरावे, आणि पोलिसांनी त्यांस शत्रू न मानता साक्षीदार मानावे. ज्याचे वर्तन कायद्यास धरून आहे, त्यास साक्षीदाराचे भय नसते.

सोमनाथ सूर्यवंशी याचे शिक्षण अपुरे राहिले. त्याच्या नावाने फलक लागतील, सभा होतील आणि त्या व्हाव्यातही. परंतु ज्या वर्गातून तो उठून गेला, त्या वर्गातील मुलांनी एखाद्या वडाराच्या, मातंगाच्या, ऊसतोड्याच्या मुलाचा दाखला मिळवून दिला, कोठडीतील एखाद्या अनाथास पहिल्याच दिवशी वकील मिळवून दिला, तर त्या शिक्षणाचा काही अंश तरी पुरा झाला, असे आम्ही म्हणू. नोंदवही एका रुळावर ओढलेल्या साध्या कागदाची असली तरी चालेल. ती या सत्रापासून उघडली पाहिजे.