मोळी बाईची, कुऱ्हाड कुणाची?

झाडाला मिठी मारणारी बाई आपल्या चळवळीला फार आवडते. पोस्टरवर ती आहे, शिबिरातल्या गाण्यांत आहे, दिनदर्शिकेच्या पानावर आहे. झाड तोडणारी बाई मात्र कुठेच दिसत नाही. मी काम करते त्या पूर्व विदर्भात तर ती घरोघरी आहे. कोयता नाहीतर हलकी कुऱ्हाड घेऊन ती रोज जंगलात जाते. फांदी वाळलेली की ओली हे एका टोल्याच्या आवाजावरून सांगते आणि मोळी डोक्यावर घेऊन परतते. तिच्याबद्दल आपण बोललोच तर ‘डोक्यावरचा भार’ म्हणून बोलतो. तिला हे काम येते, असे आपण कधी म्हणत नाही.

माझा आक्षेप याला आहे.

चिपकोचेच घ्या. २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी तोडीला आलेल्या माणसांना परत पाठवले, हे आपण सगळ्या जाणतो. पण त्याच्या आदल्या वर्षी चमोली जिल्ह्यात हे सुरू कशावरून झाले होते? शेतीची अवजारे बनवायला तिथल्या स्थानिक संस्थेने अंगूची थोडी झाडे मागितली. सरकारने ती नाकारली आणि अलाहाबादच्या खेळाचे सामान बनवणाऱ्या कंपनीला दिली. म्हणजे भांडण ‘झाड तोडू नका’ एवढ्यापुरते नव्हते. झाड कुणी तोडायचे, कशासाठी आणि कुणाला विचारून, हे भांडण होते. पुढे १९८० मध्ये डुंगरी-पैंतोलीत रस्ता, शाळा, दवाखाना मिळेल म्हणून गावच्या पुरुषांनी बांजाचे जंगल द्यायला होकार भरला आणि बायका आडव्या आल्या. सरपण आणि चारा त्यांनाच आणायचा होता. त्या बोलल्या ते त्या जंगलात रोज कोयता चालवणाऱ्या कामकरणी म्हणून. ‘निसर्गाच्या लेकी’ हे नाव त्यांना आपण नंतर चिकटवले.

आता गडचिरोलीकडे या. १९२७ च्या वन कायद्याने ‘झाड’ या शब्दात बांबूही घातला होता. गवताचे झाड झाले आणि मालक सरकार. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, २००९ मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हा विजय मोठा आहे, त्याला कमी लेखायचे माझ्या मनात नाही. त्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतः बांबू तोडू लागल्या, विकू लागल्या, मजुरीचा दर ठरवू लागल्या. मेंढ्याबद्दल मी बोलत नाही. माझ्या पट्ट्यातल्या गावांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. वहीत नाव घरटी एक, आणि बहुतेक ठिकाणी ते नवऱ्याचे. काम मात्र जोडीचे.

जोडीचे म्हणजे कसे, ते सांगते. तो बुडाशी तोडतो. बेटात माथ्याला अडकलेला बांबू ओढून काढते ती. फांद्या छाटते, मापाने तुकडे पाडते, गठ्ठे बांधते, गाडीरस्त्यापर्यंत वाहते. तो दमला, आजारी पडला किंवा तालुक्याला गेला की बुडाशीही तीच तोडते. आणि तोडणे म्हणजे नुसते घाव घालणे नव्हे. बेट जगवायचे तर यंदाच्या पावसात निघालेल्या बांबूला हात लावायचा नाही. त्याच्या पेरांवर अजून खपले चिकटलेले असतात, अंगावर पांढरट भुकटी असते, त्यावरून तो ओळखायचा. गेल्या वर्षीचेही आधाराला राखायचे, काढायचे ते त्याहून जुने. जमिनीपासून वीत-दीड वीत वर, पेराच्या लगेच वरून, म्हणजे खुंटाच्या पोकळीत पाणी साचून तो कुजत नाही. नवे बांबू बेटाच्या बाहेरच्या अंगाला येतात आणि जुने आत दाटीत राहतात. गठ्ठ्यावर मजुरी असली की माणूस बाहेरून सोपे तेवढे तोडत सुटतो, आणि दोन-चार हंगामांत बेट बसते. आत वाकून शिरायचे हे काम चिकाटीचे आहे आणि हातपाय ओरबाडून घेणारे आहे. ते कोण करते, हे कुठल्याही बेटापाशी तासभर उभे राहून पाहा.

एका गावात मी विचारले, वहीत तुमचे नाव का नाही? एक म्हातारी म्हणाली, “ताई, कुराड दोघाची हाय, बिल एकट्याचं हाय.” बाकीच्या हसल्या. मला हसू आले नाही.

चुलीसाठी तोडले की तो बाईचा स्वभाव, आणि विक्रीसाठी तोडले की तो बाप्याचा धंदा. हत्यार तेच, जंगल तेच. मधे पैसा आला की काम हात बदलते. नांगराला बाईने हात लावू नये हा नेम अनेक समाजांत आहे. कुऱ्हाडीबद्दल तसा नेम मला आमच्या भागात कुणी सांगितलेला नाही. सांगणार कसा? मग सरपण कोण आणणार?

तीच गोष्ट प्रशिक्षणाची. आमच्या भागात एका कार्यालयाने तोडीचे प्रशिक्षण ठेवले. यांत्रिक करवत, हेल्मेट, बूट असे सगळे आले. यादीत सगळे पुरुष. बायकांसाठी त्याच आठवड्यात पत्रावळी दाबायचे यंत्र. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, ताकदीचं काम आहे.” वीस-पंचवीस किलो लाकूड डोक्यावर घेऊन कोसभर चालणे ताकदीचे नाही, असे या साहेबांचे मत असावे.

आणि झाड काही ताकदीने पडत नाही. ते कोणीकडे कलले आहे, वर वाळकी फांदी लटकते आहे का, पडताना दुसऱ्या झाडात अडकेल का, हे आधी पाहायचे. पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवायची, पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरकी. ज्या बाजूला पाडायचे तिकडे जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी खाच घ्यायची. मग उलट बाजूने, थोडे वरून कापत आणायचे आणि मधली पट्टी न कापता राखायची. ती पट्टी बिजागरीसारखी झाडाला वळवते. ती पुरती कापणारा माणूस कितीही दांडगा असला तरी झाड त्याचे ऐकत नाही. यात लागते ती नजर, धार लावलेले हत्यार आणि घाई न करणे. यातले काय बाईला जमणार नाही?

आपल्यातल्याच काही मैत्रिणींचे आक्षेप वेगळे आहेत. बाईला सरपणातूनच सोडवायला हवे, गॅस द्या, असे त्या म्हणतात. द्या ना. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्या नावावर मिळते, चांगले आहे. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि ते पैसे बांबूच्या बिलात असतात. जोडणी तिच्या नावावर आणि बिल त्याच्या नावावर, अशी ही मुक्ती आहे.

दुसरा आक्षेप, बायकांच्या हाती कुऱ्हाड दिली की जंगल संपेल. शहराजवळ मोळी विकणाऱ्या बायका ओले लाकूड तोडतात, हे मी नाकारत नाही. पहाटे चोरून जायचे, पकडले तर कुऱ्हाड जप्त, तेव्हा हाताला येईल ते तोडले जाते. उद्या ते जंगल आपलेच राहील याची खात्री नसताना जपून तोडायला कोण सांगणार? साग, ऐन, धावडा खुंटापासून पुन्हा फुटतात. पावसाळ्याआधी जमिनीलगत, गुळगुळीत आणि किंचित उतरता घाव घातला आणि आलेल्या फुटव्यांतले एक-दोन जोमदार राखले, तर त्याच खुंटावर पुन्हा लाकूड येते. हे जिला त्याच जंगलात पुन्हा जायचे आहे तिला शिकवायचे, की ठेकेदाराच्या टोळीला?

तेव्हा ग्रामसभांमध्ये काम करणाऱ्या गटांनी काही गोष्टी लावून धराव्यात असे मला वाटते. हजेरीच्या वहीत माणशी एक ओळ आणि मजुरी ज्याच्या-तिच्या खात्यात. वनहक्क कायद्याने कसायच्या जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायला सांगितले आहे. मजुरीच्या वहीला तोच न्याय लावायला कुणाची परवानगी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव पुरतो. तोडीच्या खुणा घालायला जाताना बायका सोबत हव्यात. मोह कुठला फुलतो, चारोळी कुठली धरते, हे वेचणारीलाच ठाऊक असते. हत्यारे आणि बूट त्यांच्या मापाचे हवेत, आणि कानसही द्या, कारण बोथट कुऱ्हाडीने जास्त अपघात होतात.

नियमांप्रमाणे वनहक्कांच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. कित्येक ठिकाणी हा आकडा घरी पाठवलेल्या वहीवर अंगठे घेऊन भरतो. बांबूची तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते. त्याआधीच्या सभेला सगळ्याजणी मिळून जा, मागच्या हंगामाची वही उघडायला सांगा आणि तिच्यातली बायकांची नावे मोठ्याने वाचायला लावा.